मॅक यायच्या आधी विंडोजवर उरकायची कामं

"अक्का, मॅक घ्यायलोय खरं, आधी काय काय करून ठेवू सांग की." निपाणीच्या मावसभावाचा हा फोन आला तेव्हा बेळगावातल्या शाहापूरच्या माझ्या दुकानात एका लग्नपत्रिकेची मराठी बाजू संपवून मी कन्नड बाजू लावायला घेतली होती. त्याचं कामही माझ्यासारखंच. पत्रिका, पावतीपुस्तकं, गणेशोत्सव मंडळांचे अहवाल, यात्रेची हँडबिलं, आणि थंडीत कडोली, येळ्ळूर, उचगावसारख्या गावांत साहित्य संमेलनं भरायला लागली की स्मरणिका. अठरा वर्षं तो विंडोजवर बसलाय. विंडोज 10 चे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबले, त्याचा संगणक विंडोज 11 घेत नाही, आणि नवा घ्यायचाच तर ॲपलचा मॅक घेऊया असं त्याच्या मुलीनं सुचवलं. फोनवर सुचलं तेवढं सांगितलं. बाकीचं इथं सगळ्यांसाठीच लिहून काढतेय, कारण खानापूर-चिकोडीकडूनही हाच प्रश्न येतो.

मॅक हाताला बसायला पंधरा दिवस पुरतात, त्याची काळजी करू नका. खरी तयारी जुन्या संगणकावरच करायची असते, आणि तो चालू आहे तोवरच ती होते.

पहिलं काम फॉन्टचं, आणि सगळ्यात जास्त वेळ त्यालाच द्या. आपल्या जुन्या मराठी फाइलींत संगणकाच्या लेखी मराठी नसतंच. आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात, फॉन्ट त्यांना मराठी रूप देतो. फॉन्ट काढून घेतला की 'श्री गजानन प्रसन्न' च्या जागी नुसती चिन्हांची रांग दिसते. युनिकोडमध्ये तसं नाही. तिथं 'क' ला स्वतःचा 0915 हा क्रमांक आहे, आणि तो विंडोजवर, मॅकवर, गिऱ्हाइकाच्या फोनवर सगळीकडे तोच. म्हणून आधी जुन्या मजकुराची एक वही घाला. कोणतं काम, कोणत्या साली, कोणत्या फॉन्टमध्ये, एवढंच लिहायचं. फॉन्टच्या सगळ्या फाइली एका फोल्डरमध्ये गोळा करा. टीटीएफ, म्हणजे नावाच्या शेवटी .ttf असलेले फॉन्ट मॅकवरही बसतात, त्यामुळे जुना मजकूर निदान वाचता येईल. पण त्या फॉन्टमध्ये टाइप करायला लागणारं विंडोजचं सॉफ्टवेअर मॅकवर चालणार नाही. मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारी सोयही बहुतेक वेळा त्याच सॉफ्टवेअरमध्ये असते, तेव्हा बदल इथंच, जुन्या संगणकावर करून घ्या.

बदललेला मजकूर वाचल्याशिवाय पुढं जाऊ नका. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप केलेली असते, कारण ती डोळ्याला आधी दिसते. युनिकोडमध्ये आधी अक्षर, मग वेलांटी. रफाराचंही असंच उलटसुलट होतं. त्यामुळे चुका ठरलेल्या जागीच सापडतात. पत्रिकेतलं 'चि.' आधी बघा, मग 'स्थिती', 'निश्चित', 'वर्धापन', 'कार्यक्रम'. नंतर 'ऱ्हस्व', 'वऱ्हाडी', 'कुऱ्हाड' हे शब्द शोधा. तिथला अर्धा र बऱ्याचदा साधा रफार होऊन बसतो आणि वऱ्हाडी मंडळींचं भलतंच काही होतं. 'ॲड.' आणि 'ॲम्ब्युलन्स' ही बघून घ्या. आपला ॲ युनिकोडमध्ये 2008 मध्ये आला, त्याआधीच्या फाइलींत त्या जागी हिंदी वळणाचा ऍ असतो. शोधा-बदला करून एका झटक्यात सगळे दुरुस्त होतात.

हे मी इतकं लावून धरतेय त्याला कारण आहे. 2021 मध्ये मी मॅकवर आले आणि जुना संगणक आठ दिवसांत भाच्याला देऊन टाकला. त्यानं तो पुसून नव्यानं तयार केला, त्याचं काही चुकलं नाही. महिन्याभरात एका वाचनालयाची माणसं 2008 ची स्मरणिका पुन्हा छापायची म्हणून आली. मजकुराची फाइल माझ्याकडे होती, उघडतही होती, पण फॉन्ट जुन्या डिस्कबरोबर गेला होता आणि पडद्यावर पानभर नुसती इंग्रजी अक्षरं होती. छापील प्रत समोर ठेवून मी आणि शेजारच्या वहिनी बारा रात्री बसलो. 140 पानं पुन्हा टाइप केली. त्यातल्या एका लेखाचे लेखक, जुने शिक्षक, तोवर वारले होते. पहिल्या वेळी त्यांनी दुकानात बसून, लाल पेनानं स्वतः प्रूफ तपासलं होतं. आमच्या हातून त्यांच्या लेखातली एक ओळ गळली. ती छापून झाल्यावर कळली. त्यांच्या घरी जाऊन मी सांगून आले, तरी ती ओळ मनातून जात नाही. आपल्या भागात मराठीत छापलेलं प्रत्येक पान कुणीतरी पदरमोड करून छापलेलं असतं. ते पुन्हा टाइप करायची वेळ कुणावर येऊ नये.

कन्नड मजकुराचंही हेच. आपल्याकडे कन्नड बाजू बऱ्याचदा नुडी या कन्नड टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप होऊन येते, आणि जुन्या नुडी फॉन्टमधला मजकूर युनिकोड नसतो. तोही बदलून घ्या, आणि कन्नड चांगलं वाचणाऱ्या माणसाला दाखवा. अर्कावत्तु, म्हणजे कन्नडचा रफार, कुठं सरकलाय ते मराठी डोळ्याला पटकन कळत नाही.

आता पानं लावायच्या सॉफ्टवेअरचं. पेजमेकरची शेवटची 7 ही आवृत्ती 2001 मध्ये आली, पुढं अडोबी कंपनीनं ती वाढवली नाही. आजच्या मॅकवर पेजमेकर चालत नाही आणि पानं लावायचं त्याच कंपनीचं आजचं सॉफ्टवेअर, इनडिझाइन, त्याच्या फाइली उघडत नाही. म्हणून पेजमेकरमधल्या प्रत्येक कामाचा फॉन्टसकट पीडीएफ काढा आणि मजकूर वेगळा काढून ठेवा. सगळ्यांचा जमत नसेल तर दरवर्षी परत येणाऱ्या मंडळांपासून सुरुवात करा. कोरलड्रॉची मॅक आवृत्ती 2019 पासून पुन्हा मिळते, त्यामुळे पत्रिकांच्या सीडीआर फाइलींची चिंता कमी. इनडिझाइन वापरणार असाल तर परिच्छेदाच्या मेनूत 'वर्ल्ड-रेडी कंपोजर' निवडायचं, हे आत्ताच वहीत लिहा. ते निवडलं नाही की वेलांट्या आणि जोडाक्षरं तुटतात, आणि माणूस उगीच फॉन्टला दोष देत बसतो.

मग जे मॅकवर येणारच नाही त्याचा हिशेब करा. हिशेबाचं टॅली थेट मॅकवर चालत नाही. यूएसबी डाँगल (परवान्याची छोटी कांडी) लावून चालणारं जुनं सॉफ्टवेअर असेल तर तेही जुन्याच संगणकावर राहू दे. नोव्हेंबर 2020 पासून ॲपलनं मॅकमध्ये स्वतःच्या चिप घालायला सुरुवात केली, आणि त्या मॅकवर पूर्वीसारखं बूटकॅम्प या ॲपलच्याच सोयीनं विंडोज घालता येत नाही. मॅकच्या आत विंडोज चालवणाऱ्या पॅरलल्ससारख्या सॉफ्टवेअरमध्ये ते चालतं, पण ते एआरएम जातीच्या (ॲपलच्या या चिप त्याच जातीच्या) चिपसाठीचं विंडोज असतं आणि जुन्या डाँगलचे ड्रायव्हर त्यावर बसत नाहीत. डिजिटल सहीचा टोकन असेल तर मॅकचा ड्रायव्हर मिळतो का ते देणाऱ्याला विचारा. प्रिंटरचंही तसंच, मॉडेल नंबर घेऊन खात्री करा आणि मगच पैसे मोजा.

डिस्क आणि पेनड्राइव्हकडे वळू. विंडोजवर वापरलेली मोठी डिस्क बहुतेक एनटीएफएस फॉर्मॅटची असते. मॅक ती वाचतो, पण तिच्यात काही लिहू शकत नाही. दोन्हीकडे लिहिता-वाचता येण्यासाठी एक्सफॅट फॉर्मॅट हवा, आणि फॉर्मॅट बदलताना आतलं सगळं पुसलं जातं, म्हणून रिकाम्या डिस्कवरच ते करा. फॅट32 चा पेनड्राइव्ह चालतो, पण त्यात 4 जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. अलीकडच्या मॅकबुकला जुन्या चौकोनी यूएसबीचं भोक नसतं, सगळं यूएसबी-सी. अडॅप्टर पहिल्याच दिवशी पिशवीत असू दे, नाहीतर गिऱ्हाईक पेनड्राइव्ह हातात घेऊन उभं राहतं. आणि एक गोष्ट ठळक अक्षरांत लिहून ठेवा. नवीन डिस्क लावली की मॅक ती टाइम मशीनच्या बॅकअपसाठी वापरू का असं विचारू शकतो. जुन्या कामांची डिस्क असेल तर नकार द्या, कारण बॅकअपसाठी तो ती स्वतःच्या पद्धतीनं फॉर्मॅट करतो. टाइम मशीनसाठी वेगळी डिस्क घ्या, तिच्यावर चिठ्ठी चिकटवा. आपल्याकडे पावसात वीज किती वेळा जाते ते सांगायला नको, तेव्हा मॅक मिनी किंवा आयमॅक (यांना बॅटरी नसते) घेणार असाल तर यूपीएस तपासून घ्या.

टायपिंगची तयारी मात्र आजच सुरू होते. हात टाइपरायटरच्या मांडणीवर बसले असतील तर इनस्क्रिप्टचा, म्हणजे भारतीय भाषांच्या प्रमाण कीबोर्ड मांडणीचा, सराव विंडोजवरच सुरू करा, दोन महिने आधी. विंडोजमध्ये मराठी कीबोर्ड जोडला की आपोआप येतो तो इनस्क्रिप्टच असतो. मॅकवर सेटिंग्जमध्ये जाऊन मराठी देवनागरी, कन्नड आणि इंग्रजी असे तीन कीबोर्ड जोडायचे, मांडणी जवळपास तीच मिळते. 'बेळगाव' लिहून बघा. वायवर ब, एसवर मात्रा, शिफ्ट धरून एनवर ळ, आयवर ग, ईवर काना, बीवर व. बोटांना हा एक शब्द बसला की बाकीचे मागोमाग येतात. एका भाषेतून दुसरीत जायला कंट्रोल आणि स्पेस, किंवा पृथ्वीच्या गोलाचं चित्र असलेली कळ. मराठी बाजूला बेळगाव आणि कन्नड बाजूला बेळगावी लिहिणाऱ्या आपल्या हाताला दिवसातून शंभरदा हीच कळ लागते.

फॉन्टची चणचण भासणार नाही. मॅकमध्ये कोहिनूर देवनागरी, देवनागरी संगम आणि श्री देवनागरी 714 आधीपासून असतात. मुक्ता आणि तिरो देवनागरी मराठी हे मोफत मिळतात. 'तिरो' मध्ये ल आणि श आपल्या मराठी वळणाचे आहेत, स्मरणिकेच्या मजकुराला मी तोच लावते.

हाताच्या सवयींचा एक कागद करून पडद्याशेजारी चिकटवा. माझ्या कागदावर सगळ्यात वर होतं, 'कंट्रोल नाही, कमांड.' विंडोजवर कॉपी करताना डावी करंगळी कोपऱ्यात जाते. मॅकवर कमांडची कळ स्पेसबारला लागून असते, म्हणून अंगठा आत दुमडायचा आणि तर्जनीनं सी दाबायचा. पहिले चार दिवस करंगळी आपोआप कोपऱ्यात जाते, पाचव्या दिवसापासून अंगठा शिकतो. मध्येच सेटिंग्जमधून कळांची अदलाबदल करू नका, दोन्हीकडचं विसरायला होतं. दुसरी ओळ एंटरची. फाइल निवडून एंटर दाबलं की ती उघडत नाही, नाव बदलायला घेते. उघडायला कमांड आणि ओ. तिसरी, फाइल हलवायची असेल तर कमांड-सीनं कॉपी करायची आणि टाकताना कमांड, ऑप्शन आणि व्ही एकत्र दाबायचं. चौथी, लाल ठिपक्यानं खिडकी बंद होते, सॉफ्टवेअर आत चालूच राहतं. पूर्ण बंद करायला कमांड-क्यू. डिलीटची कळ मागचं अक्षर खोडते, पुढचं खोडायला एफएनबरोबर दाबायची. उजवी क्लिक ट्रॅकपॅडवर दोन बोटांनी. काही अडकलं तर कमांड, ऑप्शन, एस्केप. एवढ्यावर पहिला आठवडा निघतो. मेनू खिडकीला नसून पडद्याच्या अगदी वरच्या कडेला असतो, हे लक्षात राहिलं की निम्मी शोधाशोध संपते.

छापखान्यात फाइल देताना फॉन्ट आत घातलेला पीडीएफच द्या, तिथं अजून विंडोजच असणार. फाइलीच्या नावात तिरकी रेघ, प्रश्नचिन्ह, अवतरणचिन्हं घालू नका. मॅकवर यातलं बरंचसं चालतं, विंडोजवर नाही.

आणि जुना संगणक वर्षभर दुकानातच ठेवा. कुणी कितीही मागितला तरी. इंटरनेटची वायर काढून घ्या आणि महिन्यातून एकदा सुरू करून बघा. गणपतीपासून संमेलनांपर्यंतचा एक पूर्ण फेरा जाऊ दे. त्या फेऱ्यात ज्या ज्या कामासाठी त्याच्याकडे जावं लागेल ते काम त्याच दिवशी युनिकोडमध्ये बदला आणि वहीतल्या त्या ओळीवर खूण करा. भावाच्या वहीत सध्या 212 कामं आहेत, परवापर्यंत 37 वर खूण झालीय. मॅकची ऑर्डर त्यानं दिवाळीनंतरवर ढकललीय.