कुत्र्याला तात्पुरता आसरा देताय? या चुका टाळा

मे सरतो, पर्यटक परततात. १ जूनपासून पावसाळी मासेमारीबंदी लागते. हॉटेलांचं उष्टं आणि जेटीवरची टाकाऊ मासळी एकदमच बंद होते आणि त्यावर जगलेली कुत्री वाड्यांमध्ये शिरायला लागतात. याच दिवसांत कुणाच्या तरी मांगरात पिल्लं सापडतात आणि फोन येतो, "ताई, पावसात भिजतायत हो, तुम्ही ठेवाल का?" ठेवणारी माणसं कोकणात कमी नाहीत. अडतं ते पुढे. आठ-पंधरा दिवसांसाठी आणलेलं कुत्रं वर्षभर पडवीत राहतं आणि पुढच्या कुत्र्याला त्या घराचं दार बंद होतं. आणताना ते पुढे जाणार कुठे याचा विचार झालेला नसतो आणि बाकीचा बराच गोंधळ तिथूनच सुरू होतो.

विचारपूस न करता उचलणं

मोकळं फिरणारं प्रत्येक कुत्रं बेवारस नसतं. सकाळी एका घरी पेज, दुपारी दुसरीकडे भाकरी, रात्री तिसऱ्याच्याच खळ्यात झोप, आणि विचारलंत तर तिन्ही घरं म्हणतील, आमचाच तो. गळ्यात पट्टा का नाही म्हणाल, तर उत्तर तयार असतं: "कुत्रो बांधूक कित्याक व्हयो? खंय जातलो तो?" तेव्हा आधी गिरणीवर, दुकानात, मच्छी मार्केटात विचारा. कानाच्या टोकाला खाच कापलेली दिसली तर त्या कुत्र्याची नसबंदी झालेली आहे. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार अशा कुत्र्याला जिथून पकडलं तिथेच परत सोडायचं असतं. धडधाकट आणि आपल्या जागेवर सुखात असलेल्या कुत्र्याला 'वाचवून' घरात कोंडण्यात काही अर्थ नाही.

पिल्लांच्या बाबतीत आणखी घाई होते. आई बहुतेकदा अन्न शोधायला गेलेली असते. लांब उभं राहून दोन-तीन तास वाट बघा. ती आली तर तिलाच तिथे पोटभर खायला घाला, पिल्लांवर आडोसा करा आणि आठ आठवडे होईपर्यंत त्यांची ताटातूट करू नका. उचलायची ती जखमी, आजारी, आई मेलेली पिल्लं; आणि कुणी किनाऱ्यावर सोडून गेलेली लॅब्रॅडॉर, स्पिट्झसारखी जातिवंत कुत्री. रस्त्यावर कसं जगायचं हे त्यांना माहीतच नसतं.

आल्या आल्या घरच्या कुत्र्यांत मिसळणं

ही चूक सगळ्यात महाग पडते, कारण पार्व्हो, म्हणजे कुत्र्यांना होणारा उलट्या-जुलाबांचा जीवघेणा संसर्गजन्य आजार. पिल्लू आज उड्या मारत असतं, चार दिवसांनी मान टाकतं. लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला साधारण तीन दिवस ते दोन आठवडे लागतात. म्हणून नवीन कुत्रं किमान १४ दिवस वेगळं ठेवा. त्याची भांडी, अंथरूण आणि त्याच्याकडे जाताना घालायच्या चपलाही वेगळ्या. आधी घरच्या कुत्र्यांचं आवरायचं, नवीन कुत्र्याचं सगळ्यात शेवटी.

जागा निवडताना लादी असलेली निवडा. न्हाणीघर चालेल, बंद पडवी चालेल. मातीचं किंवा शेणाने सारवलेलं अंगण नको, कारण पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन् महिने तग धरतो आणि माती काही धुता येत नाही. लादीवर एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी असं मिश्रण, आधी घाण पुसून काढून, दहा मिनिटं राहू द्यायचं. आपल्याकडे सगळे फिनेल ओततात. वास छान येतो, पण पार्व्होवर त्याचा भरवसा नाही. ज्या अंगणात एकदा पार्व्हो होऊन गेला, तिथे लसीकरण पूर्ण न झालेलं पिल्लू पुढचं वर्षभर आणू नये.

उलट्या आणि घाण वासाचे, रक्ताळ जुलाब दिसले तर त्याच दिवशी डॉक्टर. 'उद्या बघू' चालत नाही, पिल्लू पाणी कमी होऊन जातं. तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात मुख्य काम गाई-म्हशींचं असतं. कुत्र्याला सलाईन लावणारा डॉक्टर कुठे आहे आणि रविवारी कोण फोन उचलतं, ही चौकशी कुत्रं घरात येण्याआधीच करून ठेवायची. १९६२ हा फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा टोल-फ्री क्रमांकही फोनमध्ये असू द्या.

'एक इंजेक्शन दिलंय' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता कागद बघितल्याशिवाय विश्वास ठेवत नाही. लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू होते आणि दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांचं होईपर्यंत द्यावी लागते. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर. जंताचं औषध सुरुवातीला दर पंधरा दिवसांनी. आपल्याकडे लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या तापाची) लसही मागून घ्या. पावसात उंदरांच्या लघवीने दूषित झालेलं पाणी सगळीकडे असतं, आणि लेप्टो कुत्र्याकडून माणसालाही होतो. आजारी कुत्र्याची लघवी पुसताना हातमोजे घाला.

चावा बसलाच तर जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवायचं असतं हे खरं, पण तुमची लस दहा दिवस थांबत नाही. चावलेलं कुत्रं त्या दहा दिवसांत कुणालाही द्यायचं नाही.

गावठी इलाज

खरजेवर गाडीचं जळकं ऑइल फासणं अजून थांबलेलं नाही. कुत्रं ते चाटतं, विष पोटात जातं, कातडी भाजते ती वेगळीच. जखमेत किडे पडले की रॉकेल किंवा पेट्रोल ओतणं हा त्याचाच भाऊ. ताप वाटला म्हणून पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन देऊ नका, माणसाची गोळी कुत्र्याच्या यकृताला, मूत्रपिंडाला बाधते. आयव्हरमेक्टिन हे खरजेवरचं इंजेक्शनही दुकानातून आणून अंदाजाने टोचायचं औषध नाही.

गोचिडांकडे मात्र हवं तेवढं लक्ष कुणी देत नाही. कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यांत, पट्ट्याखाली रोज हात फिरवा. खाणं सुटलं, हिरड्या पांढुरक्या झाल्या, नाकातून रक्त आलं किंवा लघवी गडद झाली तर गोचीडताप समजून रक्त तपासून घ्या. वेळेत औषध मिळालं तर कुत्रं उठतं.

खाण्याचं थोडक्यात: पिल्लाला गाईचं दूध नको, जुलाब होतात. मऊ भात, उकडलेलं अंडं, काटे काढलेली मासळी चालते. सुकट आणि खारवलेले बांगडे नकोत. रापण ओढल्यावर टाकून दिलेल्या माशांत केंड असतो आणि तो विषारी असतो. किनाऱ्यावर फिरवताना कुत्र्याचं तोंड कशात आहे ते बघा. तुटलेला गळ गिळणंही तिथेच होतं. आणि मे महिन्यात आंब्याचे बाठे. कुत्रं रस चाटता चाटता बाठा गिळतं, तो आतड्यात अडकतो आणि थेट ऑपरेशनवर वेळ येते.

रात्री बाहेर बांधणं

ज्या वाडीत बिबट्याचा वावर आहे (आणि कोकणात तो कुठे नाही?), तिथे खळ्यात साखळीने बांधलेलं कुत्रं म्हणजे बिबट्याला वाढलेलं ताट. त्याला पळताही येत नाही. अंधार पडायच्या आत कुत्रं दाराआड हवं, अर्ध्या भिंतीच्या पडवीत नव्हे. बिनकठड्याची विहीर, गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, फटीतली घोणस, कातळावरचं फुरसं, हे धोके घरच्या कुत्र्याला सवयीचे असतात, पाहुण्याला नसतात. तोंड किंवा पाय अचानक सुजला तर कापू नका, करकचून बांधू नका. कुत्र्याला चालायला न लावता उचलून दवाखान्यात न्या. सापाच्या विषावरचं औषध कुठे मिळतं ते आधी ठाऊक असलेलं बरं.

पळून जायची भीती पहिल्या काही दिवसांत सगळ्यात जास्त. गडगा कुत्र्याला अडवत नाही. कितीही गरीब वाटलं तरी दोरीशिवाय बाहेर काढू नका आणि पट्ट्यावर तुमचा फोन नंबर पहिल्याच दिवशी लिहा. गणपतीत, शिमग्यात, दिवाळीत फटाके वाजायच्या आधी फिरवून आत घ्या.

घर शोधायला उशीर, आणि मग घाई

कुत्रं बरं झालं की बघू, असं म्हणून महिने जातात. पिल्लूपण सरतं आणि चौकशा आटतात. कुत्रं आलं त्या आठवड्यातच फोटो काढा, माहिती लिहा, 'अमुक तारखेनंतर देणार' असं सांगा. फोटो उजेडात, खाली बसून, कुत्र्याच्या डोळ्यांच्या पातळीवर काढा. जखमेचे फोटो पैसे गोळा करायला उपयोगी पडतात, घर मिळवून देत नाहीत. काळ्या कुत्र्याचा फोटो काळ्या चिऱ्यापुढे काढला तर दोन डोळे आणि अंधार एवढंच दिसतं.

लिहिताना खरं लिहा. 'एकदम शांत, सगळ्यांशी प्रेमळ' असं सगळ्यांबद्दलच लिहिलेलं असतं. त्यापेक्षा 'मांजर दिसली की धावतो, पुरुषांना आधी घाबरतो, दोन दिवसांनी मांडीवर बसतो, गाडीत ओकतो' असं लिहिलं तर फोन कमी येतात, पण कामाचे येतात. लपवलेला दोष आठवड्याभरात बाहेर पडतोच आणि कुत्रं परत येतं.

गणपतीत आणि मे महिन्यात चाकरमानी घरी येतात, मुलं पिल्लावर भाळतात. तिथल्या तिथे हो म्हणू नका. मुंबईला पोचून आठवड्याने फोन आला तर पुढे बोलायचं. घर भाड्याचं आहे का, दिवसभर घरात कोण, गावी जाताना कुत्रं कुणाकडे, घरातल्या सगळ्यांना हवंय का, हे विचारायला संकोच करू नका. शक्य असेल तर घर बघून या, नाहीतर व्हिडिओ कॉलवर खिडक्या आणि गॅलरी दाखवायला सांगा.

दुसरी मागणी बागायतदारांची. "वानरं फार आलीत हो, बागेला राखण हवी." काही सरसकट नाही म्हणतात, मला ते पटत नाही. माझ्या पाहण्यातली काही उत्तम घरं कलमांच्या बागांतलीच आहेत. तिथे दोन प्रश्न विचारायचे: रात्री कुत्रं कुठे झोपणार, आणि हंगाम संपून राखणदार परत गेला की त्याला खायला कोण घालणार? दुसऱ्याचं उत्तर देताना समोरचा चाचरला तर विषय तिथेच संपवा.

मादी पिल्लांना घर मिळत नाही, म्हणून ती 'कुणीही न्या' करून दिली जातात. सहा महिन्यांनंतर ती कधीही माजावर येते आणि साधारण ६३ दिवसांत पुन्हा पाच-सहा पिल्लं. मोठी मादी नसबंदी करूनच द्या. लहान असेल तर नसबंदीचा महिना नेणाऱ्यासोबतच्या करारात लिहून घ्या आणि त्या महिन्यात स्वतः फोन करा.

सोपवलं की हात झटकणं

मुंबई-पुण्याला पाठवताना प्रवासाचा विचार आधी. रेल्वेत कुत्रं सोबत बसवायचं तर फर्स्ट एसीचा आख्खा कूपे किंवा केबिन आपली हवी, नाहीतर गार्डच्या डब्यातली पेटी. घाबरट कुत्र्याला आणि पिल्लाला ती पेटी नको, गाडीच करा. घाटात ओकतात, म्हणून निघण्याआधी तीन-चार तास पोट रिकामं ठेवा.

सोबत लसीकरणाचं पुस्तक, सवयीचं थोडं अन्न आणि न धुतलेलं अंथरूण द्या. करारात एक वाक्य हवंच: जमलं नाही तर कुत्रं आम्हालाच परत द्यायचं, परस्पर कुणाला नाही, सोडून तर मुळीच नाही. कुत्रं वाऱ्यावर सोडणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे, हेही गोडीत सांगून ठेवा.

दुसऱ्या-तिसऱ्या रात्री फोन येतो: खात नाही, पलंगाखालून निघत नाही, घरात मुततो. हे अपेक्षित आहे, आणि ते देण्याआधीच सांगितलेलं असेल तर निम्मे फोन येत नाहीत. पाहुणे बोलावू नका, आंघोळ घालू नका, ओढून बाहेर काढू नका, खाणं जवळ ठेवून बाजूला व्हा. घरात आधीचं कुत्रं असेल तर पहिली भेट घराबाहेर, दोघांना समांतर चालवत. रुळायला काहींना तीन आठवडे लागतात, काहींना तीन महिने.

तरीही एखादं परत येतं. नेणाऱ्याला फैलावर घेतलंत तर पुढचा माणूस परत आणून द्यायच्या ऐवजी रस्त्यावर सोडेल. काय जमलं नाही ते नीट विचारून घ्या, जुनी जाहिरात तशीच न टाकता त्यात ते घाला: 'फ्लॅटमध्ये एकटा राहिला की रडतो, घरात दिवसभर माणूस हवं.'