टेकडाउन धनुष्याचे लिम्ब बसवताना या चुका टाळा

टेकडाउन म्हणजे सुटं करता येणारं तीन भागांचं धनुष्य: मधे मुठीचा रायझर, आणि त्याला वर-खाली बोल्टने आवळलेले, पिनने जागेवर धरलेले दोन वाकणारे लिम्ब. दोरी चढवून असं धनुष्य मागून न्याहाळलं आणि दोरी लिम्बच्या मधोमध न दिसता एका कडेला गेलेली दिसली, की बहुतेक जण लगेच ठरवून टाकतात की लिम्ब पिळला. मग तो हाताने उलटा पिळून ‘सरळ’ करायला घेतात, आणि चांगल्या लिम्बची खरोखरच वाट लागते. तीन भागांच्या, हाताने बनवलेल्या धनुष्यात लिम्बवर संशय घ्यायच्या आधी तो रायझरवर जिथे टेकतो ती बैठक तपासा.

याला साधा हिशोब आहे. समजा बोल्ट आणि पिन यांच्यात ४० मिलिमीटर अंतर आहे आणि पिनच्या भोकात अर्धा मिलिमीटर प्ले, म्हणजे सैलपणा, आहे. बोल्टपासून लिम्बचं टोक ५६० मिलिमीटरवर असेल, तर तिथे हाच अर्धा मिलिमीटर ७ मिलिमीटर होतो. बैठकीवर नजरेलाही न येणारी चूक टोकाला पिळासारखी दिसते ती अशी.

दोष नेमका कुठे आहे हे शोधायला वरचा लिम्ब खाली आणि खालचा वर लावून पाहा. वाकडेपणा लिम्बबरोबर गेला तर दोष लिम्बमध्ये. जागच्या जागी राहिला तर रायझरमध्ये. मात्र काही कारागीर प्रत्येक लिम्ब त्याच्याच जागेसाठी घासून बसवतात. पिन हाताच्या दाबाने आत जात नसेल तर हातोडी घेऊ नका, तिथेच थांबा. आणि ही अदलाबदल फक्त दोरी चढवून बघण्यापुरती. त्या अवस्थेत बाण मारायचा नाही.

बैठक नीट टेकते का, हे कार्बन पेपर सांगतो. लिम्ब आणि रायझर यांच्यामध्ये एक साधा कागद आणि कार्बन ठेवून बोल्ट नेहमीइतका आवळा, मग काढून ठसा बघा. ठसा सगळीकडे सारखा हवा. फक्त मधे उमटला तर बैठकीला फुगवटा आहे आणि लिम्ब डुलतो. एकाच कडेला उमटला तर बैठक तिरकी आहे. पण पॉलिश पेपर उचलण्याआधी लाखेचा किंवा पॉलिशचा एखादा ओघळ तिथे वाळलेला नाही ना, ते पाहा. धनुष्य आधी अचूक बसवलेलं असतं, फिनिश नंतर चढतो, आणि पिनच्या भोकात गेलेला एक थेंब सगळं बिघडवतो. घासावंच लागलं तर पेपर सपाट ठोकळ्याला गुंडाळूनच घासा. बोटाने घासलं की कडा गोल होतात आणि फुगवटा वाढतो.

नव्याने धनुष्य बनवणाऱ्यांची ठरलेली चूक म्हणजे आधी रायझरला सुंदर आकार द्यायचा आणि भोकं नंतर पाडायची. ठोकळा चौकोनी असतो तोवरच त्याच्या बाजू काटकोनात असतात आणि मध्यरेषेवर भरवसा ठेवता येतो. बोल्टची आणि पिनची भोकं तेव्हाच, ड्रिल प्रेसवर पाडून घ्या. मूठ कोरून झाल्यावर मोजायला सपाट बाजूच उरत नाही. पितळी इन्सर्ट (बोल्ट ज्यात फिरतो ती आट्यांची नळी) इपॉक्सीने बसवताना त्यात बोल्ट फिरवून तो बैठकीला काटकोनात आहे का ते गुण्याने तपासा. इपॉक्सी घट्ट झाल्यावर इन्सर्ट काढणं म्हणजे लाकूड फोडणं.

बोल्टच्या बाबतीत लोक दोन टोकं गाठतात. पाना लावून जोर काढला तर बोल्टखालचं लाकूड दबतं किंवा इन्सर्टचे आटे जातात. ढिला ठेवला तर ताण आल्यावर लिम्बचं बुड बैठकीवरून उचललं जातं आणि बाण सोडताना टक्‌ असा आवाज येतो. हाताने घट्ट आवळा, आणि आवळणं असो की सैल करणं, दोरी उतरवल्याशिवाय बोल्टला हात लावू नका. आयएलएफ धनुष्यात (लिम्ब जोडायची एक प्रमाणित पद्धत) बोल्ट फिरवून टिलर, म्हणजे लिम्ब आणि दोरी यांच्यातलं अंतर, बदलता येतो म्हणून साध्या लाकडी टेकडाउनलाही तोच उपाय करणारे महाभाग आहेत. इथे बोल्ट सैल केल्याने टिलर सुधारत नाही, लिम्ब फक्त हलायला लागतो.

टिलर मोजायचा तो लिम्ब रायझरमधून बाहेर पडतो तिथून दोरीपर्यंत. एक बोट बाणाच्या वर आणि दोन खाली धरत असाल तर वरचं अंतर साधारण ३ ते ६ मिलिमीटर जास्त असतं. तिन्ही बोटं खाली असतील तर दोन्ही जवळपास सारखी. माप उलटं आलं तर घाबरण्याआधी लिम्बवरच्या खुणा वाचा. बऱ्याचदा वरखाली अदलाबदल झालेली असते, बाकी काही नाही.

करकर आवाज येत असेल तर बैठक कोरड्या फडक्याने पुसून मेणाचा पातळ हात द्या. तेल नको, ते लाकडात मुरतं. आवाज लिम्बमधूनच येतोय असं वाटलं तर त्याच्या कडेवरून कापसाचा बोळा फिरवा. धागे अडकले तिथे थर सुटत असू शकतो. मग एकही बाण मारू नका.

बैठक, पिन, टिलर सगळं बरोबर असूनही दोरी कडेलाच राहिली तर टोकांच्या खाचा बघा. एक बाजू खोल असेल तर दोरीचा फास तिकडेच ओढला जातो. शिवाय पाय अडकवून दोरी चढवायची सवय असेल तर ती सोडा, स्ट्रिंगर (दोरी चढवायला मदत करणारी वेगळी दोरी) वापरा. रिकर्व्हचा, म्हणजे टोकं पुढे वळलेल्या धनुष्याचा, लिम्ब खरोखर पिळला जातो तो बहुधा असाच. तरीही दोष सापडला नाही तर धनुष्य कारागिराकडे पाठवताना दोरी चढवलेल्या धनुष्याचा मागून काढलेला फोटो, कार्बनचा ठसा आणि दोन्ही टिलरची मापं सोबत द्या.