व्हॅल्युएशनला गेलात आणि घरात धोका दिसला तर काय करायचं

बँकेच्या पॅनलवर, म्हणजे कर्जासाठी घराची किंमत काढणाऱ्या व्हॅल्युअरच्या यादीत, नवीन आलेली पोरं हमखास विचारतात, सर आपण रेट काढायला जातो, स्लॅब पडायला आलाय का ते बघणं आपलं काम आहे का? शोधत फिरणं आपलं काम नाही, पण समोर दिसतंय ते दिसलंच नाही असं करायचं नाही, एवढं पक्कं धरा. बाकी सगळं त्यातूनच येतं.

सगळ्यात आधी स्वतःला सांभाळा. एकदा डोंबिवलीत चौथ्या मजल्यावर बाहेरचा फोटो काढायला म्हणून बाल्कनीच्या ग्रीलला टेकलो तर ग्रील अख्खी हलली, खालचे अँकर गंजून गेले होते. तेव्हापासून जुन्या बिल्डिंगमध्ये मी कशालाच टेकत नाही. गच्चीच्या पत्र्यावर तर पाय पण ठेवायचा नाही, सिमेंटचा पत्रा कधी फुटेल नेम नसतो.

मग ठरवायचं की धोका आत्ताचा आहे की सावकाशीचा. गॅसचा वास येतोय, उघडी वायर पाण्याजवळ आहे, स्लॅबचा तुकडा लटकतोय आणि खाली पोरगं अभ्यास करतंय, असं असेल तर मोजमाप बाजूला ठेवा आणि घरच्यांना तिथल्या तिथे सांगा. एलपीजी हवेपेक्षा जड, तो खाली जमिनीलगत साचतो, म्हणून रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या आणि कुठलंच बटन दाबायचं नाही, चालू पण नाही आणि बंद पण नाही, सगळ्यांना घेऊन बाहेर या आणि मग गॅसगळतीच्या हेल्पलाइनला, १९०६ ला, फोन. बंद बाथरूममध्ये गॅस गीझर दिसला आणि हवा जायला जागा नसली तरी सांगाच, कारण त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो, माणसाला कळायच्या आत चक्कर येते. रिपोर्ट गोपनीय असतो हे मान्य, पण "काकू हा गीझर असा वापरू नका" सांगितल्याने कसली गोपनीयता मोडत नाही.

आता सावकाशीचा प्रकार, आणि चुका इथेच होतात. सळ्या उघड्या पडलेल्या, बीमला सळीच्या रेषेत लांब भेग, प्लास्टर वाजवलं की पोकळ, टॉयलेटखालच्या स्लॅबला कायमची ओल. गंजलेली सळी फुगते आणि काँक्रीटला आतून ढकलते, म्हणून वरून नुसतं प्लास्टर मारलेलं दोन पावसाळ्यात परत सुटतं. रिपोर्टमध्ये "बिल्डिंग अनसेफ" असं ठोकून देऊ नका, तो निकाल द्यायची तपासणी तुम्ही केलेलीच नाही. असं लिहा: किचनच्या स्लॅबला खालून अंदाजे ३ बाय २ फूट भागात काँक्रीट सुटलंय, सळ्या उघड्या आणि गंजलेल्या, आतलं नुकसान नुसतं बघून कळत नाही, स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून घ्यावं. सोबत एक जवळचा आणि एक लांबचा फोटो. पीओपीमुळे स्लॅब दिसलाच नसेल तर तेही लिहा, लपलेल्या जागेची गॅरंटी घेऊ नका. आणि घरच्यांनी विचारलं तर "काही नाही होत हो" हे वाक्य तोंडातून काढायचंच नाही, उद्या तेच तुमच्या नावावर फिरतं.

बिल्डिंग ३० वर्षांवरची असेल तर स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इंजिनिअरकडून बिल्डिंगच्या मजबुतीची तपासणी, कायद्यानेच लागतं, मुंबईत महापालिका कायद्याचं कलम ३५३ ब, राज्यातल्या बाकी महापालिकांमध्ये २६५ अ. सोसायटीकडे ऑडिट रिपोर्ट मागा, महापालिकेची नोटीस आलीय का विचारा. त्यात धोक्याप्रमाणे बिल्डिंगचा वर्ग दिलेला असतो: सी-१ म्हणजे रिकामी करून पाडायची, सी-२ए म्हणजे रिकामी करून दुरुस्ती, सी-२बी म्हणजे रिकामी न करता दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ. सी-१ ची नोटीस असेल तर त्याच दिवशी बँकेला मेल करा, नुसता फोन नको, फोनची नोंद कुठेच राहत नाही.

किमतीत धरायचं कसं? काही जण रिमार्क न लिहिता गुपचूप रेट कमी लावतात, मला हे बिलकुल पटत नाही, कारण रेट का पडला ते बँकेला कळत नाही आणि पार्टीलाही नाही. दुरुस्तीचा अंदाज वेगळा दाखवा, किंवा आकडा ऑडिटच्या अधीन आहे असं स्पष्ट लिहा. बिल्डिंगचं उरलेलं आयुष्य टाकताना तर जास्तच जपा, बँका ते कर्जाच्या मुदतीशी ताडून बघतात, वरती उघड्या सळ्यांचा फोटो आणि खाली ४० वर्षं आयुष्य, असा रिपोर्ट मी स्वतः बघितलाय.

रिपोर्ट गेला की एजंटचा फोन येणारच, सर तो रिमार्क जरा काढा ना, केस अडकलीय. भांडायचं नाही. ऑडिट रिपोर्ट किंवा दुरुस्तीची बिलं-फोटो पाठवा, मी परत व्हिजिट करतो आणि सप्लिमेंटरी, म्हणजे पुरवणी, रिपोर्ट देतो, एवढं सांगायचं आणि पहिला रिपोर्ट आहे तसाच ठेवायचा.