पदवीचा सिलॅबस रिवाईज करायची कमिटी तुमच्याकडे आली तर काम कुठून सुरू करायचं

आपल्या शिवाजी विद्यापीठाच्या कोल्हापूर-सांगली-सातारा पट्ट्यातल्या कॉलेजात शिकवणाऱ्या बऱ्याच जणांवर आता ही वेळ येतेय, कारण नवीन शैक्षणिक धोरणाचे क्रेडिट (श्रेयांक, म्हणजे तासांवर मोजलेलं अभ्यासाचं वजन) आल्यापासून दर वर्षी कुठलं ना कुठलं सेमिस्टर नव्यानं लिहावं लागतंय आणि संलग्न कॉलेजात तर २०२४-२५ पासून हे लागू झालंय. बीओएसची (विषयाच्या अभ्यास मंडळाची) मीटिंग होते, सब-कमिटी नेमतात, त्यात तुमचं नाव येतं आणि पुढच्या महिन्यात ड्राफ्ट द्या म्हणून सांगतात. मग काय होतं तर जुनी वर्ड फाईल उघडायची, आणखी दोन युनिव्हर्सिटीचे सिलॅबस डाउनलोड करायचे, इकडचं युनिट तिकडं आणि तिकडचं इकडं, वर क्रेडिट टाकले की झालं. कृपा करून असं करू नका. एक सिलॅबस म्हणजे तीन जिल्ह्यांतल्या हजारो पोरांची तीन-चार वर्षं असतात.

पहिली गोष्ट वेळेची. जूनला लागू करायचं असेल तर काम दिवाळीच्या सुट्टीआधी सुरू व्हायला पाहिजे. ड्राफ्ट बीओएसमधून विद्याशाखेकडं आणि तिथून विद्या परिषदेकडं जातो, मधे दुरुस्त्या येतात, सर्क्युलर निघायचं असतं, पुस्तकं मागवायची असतात, आणि या सगळ्यात फेब्रुवारी-मार्च परीक्षेच्या गडबडीत जातो. ड्राफ्ट उशिरा गेला की कुणी नीट वाचत नाही, मंजूर मंजूर म्हणत पुढं जातो, आणि चुका वर्गात शिकवताना सापडतात.

आता खरं काम. नवीन काय घालायचं हा विचार आधी करू नका, सध्याचा सिलॅबस वर्गात जाऊन नेमका काय होतो ते आधी बघा. त्याचा सगळ्यात चांगला पुरावा म्हणजे उत्तरपत्रिका. परवानगी काढून, निकाल लागल्यावर, एका पेपरच्या पन्नासेक उत्तरपत्रिका वेगवेगळ्या केंद्रांच्या घ्या, काही शहरातल्या कॉलेजच्या आणि काही चंदगड, आजरा, गगनबावडा, शाहूवाडी अशा लांबच्या. मार्क बघू नका, प्रश्न बघा. कुठला प्रश्न किती जणांनी घेतला, किती जणांनी अर्ध्यावर सोडला आणि किती जणांना खरंच जमला असे तीन रकाने करायचे. दोन दिवसांचं काम आहे, पण त्यातून जे दिसतं ते कुठल्याच फीडबॅक फॉर्ममधून दिसत नाही. एखादं युनिट सगळ्यांनीच ऑप्शनला टाकलेलं असतं, म्हणजे कागदावर ते युनिट आहे पण पदवीत नाही. एखाद्या प्रश्नाचं उत्तर दहा केंद्रांवर शब्दन् शब्द सारखं येतं, म्हणजे ते एकाच गाईडमधून आलंय आणि तो प्रश्न पोरांना काहीच करायला लावत नाही. त्याच्या जोडीला मागच्या तीन-चार वर्षांचे पेपर समोर ठेवा, कुठले प्रश्न फिरून फिरून येतात ते लगेच लक्षात येतं.

मग शिकवणाऱ्यांशी बोला, आणि त्यात सीएचबीवर (तासिका तत्त्वावर) तास घेणारे सर-मॅडम आवर्जून घ्या. बऱ्याच कॉलेजात प्रत्यक्षात पहिल्या-दुसऱ्या वर्षाचे तास तेच घेतात आणि कमिटीत मात्र त्यांचं कुणी नसतं. त्यांना सिलॅबस कसा वाटतो असं विचारलं तर छान आहे म्हणतील. त्यापेक्षा विचारा की गेल्या सेमिस्टरला कुठल्या युनिटला किती तास गेले आणि शेवटचं युनिट कधी गुंडाळलं.

माजी विद्यार्थ्यांचंही तसंच. नॅकसाठी (कॉलेजच्या मूल्यांकनासाठी) भरून घेतलेले एक ते पाच गुणांचे फॉर्म फाईलला ठीक आहेत. पण दोन-तीन वर्षांपूर्वी पास झालेली आठ-दहा पोरं-पोरी समोर बसवा, चहा सांगा आणि एकच प्रश्न विचारा, कामावर गेल्यावर पहिल्या महिन्यात काय येत नव्हतं? पतसंस्थेत लागलेली मुलगी सांगेल की ताळेबंद पाठ होता पण थकीत कर्जाचं रजिस्टर कधी बघितलं नव्हतं. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत लॅबला लागलेला बीएस्सीचा मुलगा सांगेल की टायट्रेशन येत होतं पण सॅम्पल कुठून आणि कसं घ्यायचं ते कुणी शिकवलंच नाही. या गोष्टी लिहून घ्या. कारखान्यात गेलात तर एचआरशी बोलून थांबू नका, ते कम्युनिकेशन स्किल म्हणतात आणि विषय संपतो. सुपरवायझरला भेटा, नवीन पोरगा रुजू झाल्यावर तो त्याला आधी काय शिकवतो ते विचारा. मात्र उद्योगवाले म्हणतील ते सगळं सिलॅबसमध्ये घालायचं असंही नाही. कंपनीनं आठवड्यात शिकवायची गोष्ट कंपनीनं शिकवावी. पदवीनं असं काहीतरी द्यायला पाहिजे जे मशीन बदललं तरी उपयोगी पडेल.

एवढं हातात आलं की मग क्रेडिटचा हिशेब. तीन वर्षांच्या पदवीला आपल्याकडं १२० ते १३२ क्रेडिट, चार वर्षांच्या ऑनर्सला १६० ते १७६, म्हणजे सेमिस्टरला २० ते २२. थिअरीचा एक क्रेडिट म्हणजे १५ तास, प्रॅक्टिकलचा ३०. हे सगळ्यांना पाठ आहे, तरी २ क्रेडिटच्या पेपरात ४ क्रेडिटचा मजकूर कोंबलेला सगळीकडं दिसतो. २ क्रेडिट म्हणजे ३० तास, आणि त्यातून गणपती, युवा महोत्सव, इंटर्नल परीक्षा आणि पंचगंगेला पाणी आल्यावर बंद पडणारे रस्ते वजा करा. जुलै-ऑगस्टच्या सेमिस्टरला लांबच्या कॉलेजात पुराच्या आठवड्यात वर्ग भरत नाहीत, हे दर वर्षीचं आहे, आणि कोल्हापुरात बसून सिलॅबस करणाऱ्यांनी ते आधीच धरायला पाहिजे. युनिटपुढं तास लिहिताना पंचवीस-सव्वीस तासांत जेवढं नीट होईल तेवढंच लिहा, उरलेले तास सराव आणि शंकांना ठेवा.

म्हणजेच जुना मजकूर काढायला शिकावं लागतं, आणि कमिटीत सगळ्यात जास्त भांडण इथंच होतं. प्रत्येकाचं एक लाडकं युनिट असतं, काही जणांना वर्कलोडची भीती असते, आणि ती भीती खोटी नाही, एक पेपर गेला तर कुणाचे तरी तास जातात. म्हणून वर्कलोडचा विषय सुरुवातीलाच उघडपणे बोलून घ्या, नाहीतर तो शैक्षणिक मुद्द्याचं रूप घेऊन प्रत्येक मीटिंगला येतो. मी सुचवेन तो नियम सरळ आहे, नवीन युनिट मांडणाऱ्यानं त्याच वाक्यात कुठलं जुनं काढायचं ते पण सांगायचं.

बऱ्याचदा तर युनिट बदलायचीही गरज नसते, उदाहरण बदललं तरी पुरतं. बीकॉमचं प्रोसेस कॉस्टिंग (टप्प्याटप्प्यानं उत्पादनखर्च काढणं) घ्या. पुस्तकात प्रोसेस ए, प्रोसेस बी, युनिट्स ट्रान्स्फर्ड असं असतं, पोरं फॉरमॅट पाठ करतात आणि नॉर्मल लॉस म्हणजे काय विचारलं की गप्प. आता त्यांना करवीर-पन्हाळ्याकडच्या गुऱ्हाळात न्या, हंगाम दिवाळीनंतरचा असतो, सेमिस्टरमध्ये बसतो. ऊस घाण्यातून गेला की रस आणि चिपाड वेगळं होतं, रस काहिलीत चढतो, पाण्याची वाफ होते, तो नॉर्मल लॉस, म्हणजे प्रक्रियेत होणारच अशी घट, डोळ्यांसमोर उडून जातो. वर येणारी मळी काढतात, तिचा हिशेब कसा धरायचा ते विचारा. चिपाड वाळवून परत त्याच चुलवाणात जळणाला जातं, मग त्याची किंमत लावायची का, लावली तर कुठल्या दरानं? गुळव्याची (गूळ करणाऱ्या कारागिराची) मजुरी आधणावर, म्हणजे काहिलीच्या एकेका खेपेवर, ठरलेली असेल तर ती डायरेक्ट का इनडायरेक्ट? गुळाचे मोठे रवे आणि एक किलोचे रवे यांचा भरायचा खर्च वेगळा कसा दाखवायचा? हे सगळं तेच युनिट आहे, तेवढेच तास आहेत. वर्गातल्या निम्म्या पोरांच्या घरी ऊस आहे, ती सरांपेक्षा चांगली उत्तरं देतात आणि मग पुस्तकातलं गणितही सोडवतात. सिलॅबसमध्ये एवढंच लिहायचं की एका स्थानिक प्रक्रिया उद्योगाचं खर्चपत्रक विद्यार्थ्यानं स्वतः तयार करावं. इचलकरंजीवाले यंत्रमागाचं करतील, हुपरीवाले चांदीचं करतील.

फील्ड प्रोजेक्टला पण असंच करा, नाहीतर तो नेटवरून छापून आणलेला स्पायरल बाइंडिंगचा गठ्ठा होतो. भूगोल किंवा स्टॅटिस्टिक्सच्या पोरांना पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी द्या की. ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका हे आकडे कोल्हापुरातल्या प्रत्येक घरात माहीत असतात, पावसाळ्यात रोज पातळी जाहीर होते, २०१९ च्या पुराच्या खुणा अजून भिंतींवर आहेत. धरणक्षेत्रातला पाऊस आणि बंधाऱ्याची पातळी यात किती तासांचं अंतर पडतं हे पोरांनी स्वतः मांडलं तर तो खरा प्रोजेक्ट.

ओपन इलेक्टिव्हबद्दल एक सांगायचंय. हा पेपर दुसऱ्या शाखेच्या पोरांसाठी असतो, तरी बहुतेक ठिकाणी आपल्याच मेजरचं (मुख्य विषयाचं) पहिलं प्रकरण पातळ करून ओपन इलेक्टिव्ह म्हणून दिलेलं दिसतं. बीएच्या मुलीला केमिस्ट्रीतलं काय कळायला हवं? पाण्याचा रिपोर्ट वाचता येणं, औषधाच्या पाकिटावरचं समजणं. तिथून सुरू करा.

पहिलं वर्ष लिहिताना आणखी एक भान ठेवा, पहिल्या वर्षानंतर ४०-४४ क्रेडिट आणि वर ४ क्रेडिटचा कौशल्याचा कोर्स करून सर्टिफिकेट घेऊन बाहेर पडायची सोय आहे. घरच्या अडचणीमुळं बाहेर पडणारी पोरं आपल्याकडं आहेत, आणि त्यांच्या हातात फक्त प्रस्तावना आणि व्याख्या असतील तर ते सर्टिफिकेट काय कामाचं. काहीतरी पूर्ण करता येईल असं पहिल्याच वर्षात पाहिजे.

ऑन जॉब ट्रेनिंगचे ४ क्रेडिट लिहिताना नकाशा समोर ठेवा. शहरातल्या मुलाला एमआयडीसी जवळ आहे, चंदगडच्या मुलीनं रोज कागलला कसं जायचं, एसटी किती वाजता सुटते? तिच्या गावाजवळ दूध संस्था आहे, विकास सेवा संस्था आहे, पतसंस्था, साखर कारखाना, ग्रामपंचायत आहे. ही ठिकाणं चालतील असं सिलॅबसमध्येच स्पष्ट लिहा, नाहीतर कॉलेजवाले भीतीपोटी परवानगी देत नाहीत. प्रॅक्टिकलचंही तसंच, प्रयोग घालण्याआधी ते उपकरण किती कॉलेजात आहे याची यादी मागवा आणि महागड्या प्रयोगाला साधा पर्याय त्याच ओळीत द्या. शाहू महाराजांनी १९०१ पासून या शहरात वसतिगृहं उभी केली ती खेड्यातल्या पोरांना शिकता यावं म्हणून. इथं बसून आपण जे लिहितो ते त्या पोरांना पेलतं का, हे बघणं आपलं काम आहे.

पुस्तकांच्या यादीकडं कुणी लक्षच देत नाही. बीए-बीकॉमची पोरं मराठीत पेपर लिहितात आणि संदर्भ यादीत सगळी इंग्रजी पुस्तकं, मग पोरं गाईडकडं जाणारच. प्रत्येक युनिटला निदान एक मराठी पुस्तक शोधा, विद्यापीठाच्या खर्डेकर ग्रंथालयात दोन दिवस काढले तर बरीच मिळतात, नसेल तिथं कमिटीतल्याच कुणीतरी वीस-तीस पानांच्या नोट्स लिहून द्यायच्या असं ठरवा. शासनाचे परिभाषा कोश आहेत, संज्ञा त्यातल्या वापरा, म्हणजे एका कॉलेजात एक शब्द आणि पेपरात दुसरा असं होत नाही.

कोर्स आउटकम लिहिताना समजेल, आकलन होईल, जाणीव होईल असे शब्द टाळा. विद्यार्थ्याला काय करता येईल ते लिहा, आणि मग लगेच, त्याच बैठकीत, नमुना प्रश्नपत्रिका काढा. हे नंतर करू म्हणून ढकलू नका. टिपा लिहा आणि सविस्तर स्पष्ट करा एवढेच प्रश्न राहिले तर वरचं गुऱ्हाळ, बंधारा सगळं वाया, कारण शिक्षक आणि पोरं दोघंही पेपर बघून शिकतात. एक तरी प्रश्न असा हवा की ज्यात नवीन माहिती दिलीय आणि तिच्यावर काम करायचंय. पेपर सेट करणाऱ्यांना तशी लेखी सूचना सिलॅबसच्या शेवटीच जोडा.

समकक्षतेचा तक्ता विसरला तर सगळ्यात जास्त त्रास पोरांना होतो. जुन्या सिलॅबसचा एटीकेटी लागलेला (काही पेपर राहून पुढच्या वर्गात गेलेला) मुलगा नव्या कुठल्या पेपरला बसणार, किती संधी मिळणार, पेपर कायमचा बंद झाला असेल तर त्याला पर्याय काय, हे एकेक पेपरचं नाव आणि कोड टाकून लिहा. कोडमधला एक आकडा चुकला तरी रिझल्ट अडकतो आणि तो पोरगा विद्यानगरला विद्यापीठात हेलपाटे घालत बसतो. त्यामुळं हा तक्ता परीक्षा विभागातल्या माणसाला दाखवून घ्या, प्राध्यापकांच्या नजरेतून सुटलेलं त्यांना दिसतं.

मीटिंगच्या मिनिट्समध्ये (इतिवृत्तात) प्रत्येक बदलापुढं एका ओळीत कारण लिहा, कुठल्या पुराव्यावरून केला तेही. विद्या परिषदेत कुणी विचारलं तर उत्तर हाताशी असतं. मंजुरीनंतर, कॉलेज सुरू व्हायच्या आधी, शिक्षकांची एक दिवसाची कार्यशाळा घ्या, शक्य असेल तर एक गडहिंग्लजकडं आणि एक साताऱ्याकडं, सगळ्यांना कोल्हापूरला बोलावू नका. त्यात भाषणं नकोत, नमुना पेपर वाटा आणि तो सगळ्यांकडून सोडवून घ्या.

आणि पहिलं सेमिस्टर संपलं की लांबच्या तीन-चार कॉलेजना फोन लावा, कुठलं युनिट झालं, कुठलं राहिलं, कुठला प्रयोग जमला नाही ते तारखेसह एका वहीत लिहून ठेवा, आणि ती वही पुढच्या कमिटीच्या हातात द्या.