शहरातील परसात कोंबड्या आणि भाजीपाला एकत्र कसा जोपासावा

शहरात कोंबड्या पाळायच्या ठरल्या की रोज किती अंडी मिळतील, हा प्रश्न बहुतेकांना प्रथम पडतो. माझ्या मते पहिला प्रश्न कोरड्या पाल्याचा असावा. एक मोठी कोंबडी दिवसाला साधारण १०० ते १२० ग्रॅम ओली विष्ठा टाकते. तीत नत्र भरपूर आणि पाणी त्याहून कितीतरी अधिक असते. ही विष्ठा पाला, भाताचे तूस किंवा लाकडाचा भुसा यांत मिसळली नाही, तर नत्राचा अमोनिया होऊन वास सुटतो, माश्या जमतात आणि शेजाऱ्यांनी हरकत घेतली तर ती रास्तच ठरते. म्हणून जेवढी विष्ठा आपल्याला कोरड्या पाल्यात जिरवता येईल, तेवढ्याच कोंबड्या पाळाव्यात. पुणे, नाशिक किंवा कोल्हापुरातील एखाद्या बंगल्यामागे दहा बाय वीस फुटांचे परस असेल, तर तेथे चार कोंबड्या पुरेशा आहेत.

आधी परवानगी, मग पाला

महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात पक्षी पाळण्याचे नियम विचारून घ्यावेत. सोसायटी असल्यास तिची लेखी संमती घ्यावी आणि शेजाऱ्यांशीही आधीच बोलावे. कोंबडा मात्र ठेवू नये. अंडी घालण्यासाठी कोंबड्याची गरज नसते आणि पहाटेचे आरवणे दाट वस्तीत कोणालाही सोसवत नाही.

पाल्याची सोय वर्षातून एकदाच, पण नेटाने करावी लागते. फेब्रुवारी-मार्चच्या पानगळीत रस्त्याकडेला ढीग पडतात आणि दुर्दैवाने ते अनेक ठिकाणी जाळले जातात. तोच पाला पोत्यांत भरून छपराखाली ठेवावा. पावसाळ्यात वाळलेले पान मिळणे कठीण असते आणि खुराड्यात अंथरलेल्या पाल्याच्या गादीला त्याची सर्वांत जास्त गरज तेव्हाच असते. चार कोंबड्यांसाठी पंधरा-वीस मोठी पोती साठवावीत.

खुराडे

चार कोंबड्यांना आत १६ चौरस फूट आणि बाहेर हिंडायला निदान ४० चौरस फूट जाळीबंद जागा द्यावी. खुराड्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवली तर दुपारनंतरचे ऊन आत कमी शिरते. पावसाचे पाणी आत येऊ नये म्हणून विटांचा चौथरा करावा आणि छप्पर भिंतीच्या बरेच बाहेर काढावे. जाळी अर्ध्या इंचाची, वेल्ड केलेली असावी. घूस आणि मुंगूस खालून उकरतात, म्हणून ती फूटभर जमिनीत गाडावी. रात्री दाराला कडी लावणे कधीही विसरू नये. बसण्यासाठी दोन फूट उंचीवर गोल, गुळगुळीत दांडा द्यावा आणि अंड्यांसाठी बारा इंची चौकोनी खोका अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवावा. चार कोंबड्यांना एक खोका चालतो, दोन असल्यास उत्तम.

जमिनीवर चार ते सहा इंच जाडीची पाल्याची गादी अंथरावी. कोंबड्या ती स्वतः उकरतात, तरीही आठवड्यातून दोनदा दाताळ्याने खालवर करावी. मूठभर गादी दाबून पाहावी: गोळा तसाच राहिला तर ओल जास्त झाली आहे, लगेच कोरडा पाला घालावा. वास मारण्यासाठी चुना टाकण्याचा सल्ला अनेक जण देतात, पण चुन्यामुळे गादी अल्कधर्मी होते आणि अमोनिया उलट अधिक उडतो.

पक्षी आणि खाद्य

एक दिवसाच्या पिल्लांना पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंश सेल्सिअसची ऊब आणि त्यानंतर क्रमाक्रमाने लसी लागतात. लसीची कुपी मात्र बहुधा शंभर किंवा त्याहून अधिक मात्रांची असते, त्यामुळे चार पिल्लांसाठी ती उघडणे परवडत नाही. यासाठी नवशिक्याने आठ-दहा आठवड्यांच्या तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या, घ्याव्यात आणि राणीखेत, गंबोरो व देवी या रोगांच्या लसी झाल्याची खात्री विक्रेत्याकडून करून घ्यावी. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने विकसित केलेल्या वनराज आणि ग्रामप्रिया या जाती परसासाठीच आहेत. शुद्ध गावठी कोंबडी वर्षाला साधारण ६० ते ८० अंडी देते, पण ती काटक असते आणि पिल्ले उत्तम सांभाळते.

अंड्यावर आलेल्या कोंबडीला दिवसाला सुमारे ११० ग्रॅम खाद्य लागते. घरातील उरलेली भाकरी, भाज्यांची देठे, शेवग्याचा पाला हे पूरक म्हणून द्यावे. मुख्य आहार लेअर खाद्याचाच, म्हणजे अंडी देणाऱ्या कोंबड्यांसाठीच्या तयार खाद्याचा, ठेवावा. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात कायम असावा, नाहीतर अंड्याचे कवच पातळ पडते. बुरशी आलेले धान्य किंवा शेंगदाणा पेंड कधीच देऊ नये, कारण त्यातील विषाने यकृत खराब होते. एप्रिल-मे महिन्यांत चोच उघडी ठेवून धापा टाकणारी कोंबडी दिसली, तर तिला ताबडतोब सावलीत हलवून थंड पाणी द्यावे आणि जाळीवर ओली गोणपाटे टांगावीत.

भारतात बर्ड फ्लूची पहिली नोंद फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे झाली होती. तेव्हापासून हा धोका गेलेला नाही, म्हणून खाद्य आणि पाणी कावळे-पारव्यांच्या आवाक्याबाहेर ठेवावे. कोंबडी अचानक दगावली तर उघड्या हातांनी न उचलता सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे.

गादीपासून वाफ्यापर्यंत

ताजी विष्ठा झाडांच्या मुळाशी टाकल्यास रोपे करपतात. गादी दर तीन-चार महिन्यांनी काढून, तिच्यात तेवढाच नवा पाला मिसळून तीन फूट उंच ढीग रचावा आणि ओलसर ठेवावा. काही दिवसांत ढीग आतून तापतो. निवला की उलथावा आणि असे तीन-चार वेळा करावे. काळे, भुसभुशीत आणि मातीचा वास येणारे खत तयार व्हायला साधारण तीन-चार महिने लागतात. कच्ची खाल्ली जाणारी कोथिंबीर, मुळा, काकडी यांना पूर्ण कुजलेलेच खत द्यावे, कारण कच्च्या विष्ठेत साल्मोनेलासारखे जंतू असू शकतात.

वाफे तीन ठेवावेत. एकात पीक उभे असावे, दुसऱ्यात नुकतेच पेरलेले असावे आणि तिसरा काढणीनंतर कोंबड्यांना मोकळा द्यावा. त्या तण, किडे आणि अळ्या वेचतात व माती भुसभुशीत करतात. तेथे पडलेली विष्ठा ताजी असल्याने पुढचे पीक वांगी, मका यांसारखे उंच आणि शिजवून खायचे घ्यावे. मेथी-पालकाच्या वाफ्याला जाळी हवीच. कुंपणाच्या कडेला केळ, अळू आणि पपई लावावी, कारण ही झाडे भरपूर खत पचवतात. एरवी एका हंगामात चौरस मीटरला दीड-दोन किलोपेक्षा जास्त खत घालू नये. नत्र जास्त झाले की वांगी आणि टोमॅटो नुसते पानांनी माजतात आणि फळ धरत नाहीत.