शेतकरी अंथरुणाला खिळल्यास बाग कशी सांभाळावी
नाशिक जिल्ह्यातील निफाड-दिंडोरीकडे द्राक्षबागेची ऑक्टोबरची गोडी छाटणी (फळ धरण्यासाठीची छाटणी) झाल्यावर घरचा कर्ता माणूस अपघाताने अंथरुणाला खिळला, तर मदतीला जाणाऱ्यांनी प्रथम घरातील बाईंना विचारावे, कारण पाण्याची पाळी, विजेची वेळ आणि उधारीचा हिशेब बहुधा त्यांनाच ठाऊक असतो. फवारणी अंदाजाने कधीही करू नये. औषध, प्रमाण व तारीख वहीत नोंदवावी, अन्यथा औषधाच्या अंशापायी निर्यातीचा माल नाकारला जाऊ शकतो. धार काढण्यास रोज एकच माणूस जावा. अनोळखी हाताला गाय पान्हा चोरते. अपंगत्व आल्यास गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेसाठी तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे ३० दिवसांत अर्ज करावा लागतो. रुग्णालयाच्या धावपळीत ही मुदत हुकू नये, म्हणून कागदपत्रांची जबाबदारी पहिल्याच दिवशी एकाने घ्यावी.