जर्मनीत दोन महानगरांच्या वाटेत थांबा घेताय? या चुका टाळा

फ्रँकफर्टहून म्युनिकला जाताना वाटेत एखादं जुनं गाव बघायचं ठरलं की बहुतेकांच्या तोंडी पहिलं नाव येतं रोथेनबुर्ग. गाव देखणंच आहे, तटबंदीवरून चालताही येतं. पण ते मुख्य रेल्वेमार्गावर नाही. वुर्त्सबुर्गला गाडी बदला, श्टाइनाखला पुन्हा बदला आणि परतताना तोच द्राविडी प्राणायाम. चार तासांच्या थांब्यात हे बसवू नका. जायचंच तर मुक्कामाला जा. दिवसाची टूर-बसवाली गर्दी संध्याकाळी पांगलेली असते.

चार तासच हाताशी असतील, तर गाडी बदलायला उतरता त्या वुर्त्सबुर्गलाच थांबा. रेसिडेन्झ राजवाडा स्टेशनपासून चालत पंधराएक मिनिटांवर. वास्तुकार बाल्थाझार नॉयमनच्या भव्य जिन्याची पहिली पायरी चढताना मान वर करा. इटालियन चित्रकार तिएपोलोने 1752-53 मध्ये रंगवलेल्या, चार खंड दाखवणाऱ्या छतावर आधी अमेरिका खंड दिसतो, बाकीचे वर चढाल तसे उलगडत जातात. मार्च 1945 च्या बॉम्बहल्ल्यात शहर बेचिराख झालं, हे छत मात्र टिकलं. नंतर माइन नदीवरच्या जुन्या पुलावर जा. तिथे लोक संतांच्या पुतळ्यांशेजारी वाइनचे ग्लास घेऊन निवांत उभे असतात.

पुन्हा बांधलेलं नको, अस्सल जुनंच हवं, असा हट्ट असेल तर बांबेर्ग घ्या. युद्धात त्याचं फार नुकसान झालं नाही. बर्लिन–म्युनिक मार्गावर एरफुर्टही सोयीचं: बहुतेक आयसीई (वेगवान लांब पल्ल्याच्या गाड्या) थांबतात आणि घरांनी भरलेला क्रेमरब्र्युके पूल स्टेशनहून पायी गाठता येतो.

तिकिटात हमखास घोळ होतो. स्वस्तातलं ‘श्पारप्राइस’ तिकीट ठरलेल्या गाडीपुरतंच असतं; मध्येच उतरून मागच्या आयसीईत बसलात तर ते चालत नाही. बुकिंग करतानाच ‘थांबा’ हा पर्याय उघडून गावाचं नाव आणि किती तास थांबणार ते भरा. डॉइचलँडटिकेट (स्थानिक व प्रादेशिक गाड्यांचा मासिक पास) आयसीईत चालत नाही, हेही ध्यानात असू द्या.

चाकांची बॅग फरसबंदीवर ओढत नेणं म्हणजे हाल. स्टेशनवरच्या लॉकरमध्ये टाका, सुटी नाणी जवळ ठेवा. रविवारी दुकानं बंद, सोमवारी बरीच संग्रहालयं बंद. रेसिडेन्झ मात्र सोमवारीही उघडा असतो.

आणि नाव नीट वाचा. धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरचं विटेनबेर्ग बर्लिन–लाइपझिग मार्गावर आहे. विटेनबेर्गे बर्लिन–हॅम्बुर्ग मार्गावर, तिथे ल्यूथरचं काही नाही.